नव्वीची जोडी आणि न केलेला ‘कॉल’

मे २००३, लास वेगास. ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेतील ८३९ खेळाडूंपैकी दोघेच उरले होते : मुरलेला जुगारी सॅमी फरहा आणि टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर.

अखेरचे पान उघडल्यावर मनीमेकरने आपल्या साऱ्या चिप्स पुढे लोटल्या. हाती केवळ राजा आणि सत्ती. इस्पिकची पाच पाने जुळलीच नव्हती. फरहाकडे नव्वीची जोडी होती. ‘कॉल’ केला असता, तर डाव त्याचाच होता. समोरच्याचा रंग हुकला असावा, हा अचूक तर्क त्याने बोलूनही दाखवला. तरीही पाने टाकून दिली.

मनीमेकर विजेता ठरला. २५ लाख डॉलर घेऊन गेला.

थाप ओळखणे निराळे. त्या ओळखीवर चिप्स लावणे निराळे.