टेकडीवरचा एकुलता एक फोन

आयर्लंडमध्ये जूनअखेरीस सूर्य मावळेपर्यंत रात्रीचे जवळजवळ दहा वाजतात. त्यामुळे कचेरी सुटल्यावर किंवा धारा उरकल्यावर निघालं, तरी सगळ्या शर्यती उजेडात बघून होतात. मीथ परगण्यातलं बेल्यूस्टाउन हे अशा उन्हाळी संध्याकाळचं जुनं ठिकाण. क्रॉकाफोथा नावाच्या टेकडीवर गवताचं मैदान, एका अंगाला आयरिश समुद्र, उत्तरेला मोर्नचे डोंगर. इथे वर्षातले मोजकेच दिवस घोडे धावतात; एरवी गाव आपल्या कामात असतं.

इथल्या शर्यतींची जुनी नोंद १७२६ सालची आहे. पण खरी गंमत १७८० ची. शेजारच्या ड्रॉहेडा शहराचा माजी महापौर जॉर्ज टँडी याने थेट तिसऱ्या जॉर्ज राजाला गळ घातली आणि १०० पौंडांचं शाही बक्षीस पदरात पाडून घेतलं. त्याचा भाऊ नॅपर टँडी मात्र ‘युनायटेड आयरिशमेन’ या बंडखोर संघटनेचा पुढारी. तो १७९८ मध्ये त्याच राजाविरुद्ध उठाव करायला फ्रेंच जहाजातून किनाऱ्यावर उतरला. बंड फसलं, बक्षीस टिकलं. पुढे देश स्वतंत्र झाला, प्रजासत्ताक झाला, तरी ब्रिटिश गादीचं हे बक्षीस १९८० पर्यंत चालू होतं. घोड्यांच्या बाबतीत आयरिश माणूस राजकारण जरा बाजूला ठेवतो, असंच म्हणायचं.

एवढं असूनही बेल्यूस्टाउनचं नाव झालं ते राजामुळे नव्हे, फोनमुळे.

आयर्लंडमध्ये सट्ट्याची दुकानं १९२६ पासून कायदेशीर आहेत. १९७५ च्या सुमारास दुकानात लावलेल्या पैशांवर मिळणारा भाव ठरायचा तो मैदानावर, शर्यत सुटतानाच्या क्षणी. एखाद्या घोड्यावर अचानक पैसा येऊ लागला, की दुकानदार मैदानावरच्या आपल्या माणसाला फोन करायचे. तो तिथे त्याच घोड्यावर पैसे ओतायचा आणि भाव खाली यायचा. बार्नी कर्ली या गड्याने नेमकी हीच साखळी तोडायचं ठरवलं. हा एकेकाळी जेझुइट पाद्री व्हायला निघालेला! टेकडीवर सार्वजनिक फोन एकच आहे, हे त्याने हेरून ठेवलं होतं.

तारीख २६ जून १९७५. त्या सकाळी भारतात लोकांना रेडिओवरून आणीबाणी लागू झाल्याचं कळलं होतं. इकडे आयर्लंडमध्ये कर्लीची माणसं देशभरातल्या दुकानांत त्याच्याच मालकीच्या ‘यलो सॅम’ या घोड्यावर पन्नास ते तीनशे पौंडांच्या रकमा लावत होती. घोडा अडथळ्यांच्या शर्यतीतला, आधीची कामगिरी यथातथाच, भाव वीसास एक. शर्यतीला पंचवीस मिनिटं उरली असताना बेनी ओ’हॅनलन नावाचा धिप्पाड साथीदार फोनच्या खोक्यात शिरला आणि मरणपंथाला लागलेल्या मावशीची विचारपूस करू लागला. मावशीही खोटी आणि इस्पितळही. मागे रांग वाढत होती. तिच्यात उभ्या असलेल्या बुकींनाही त्याची दया आली म्हणतात. मालकच दिसला तर बुकींना वास लागेल, म्हणून कर्ली मैदानाच्या मधल्या काटेरी झुडपांत दडून बघत होता.

यलो सॅम घोड्याच्या अडीच लांबींनी जिंकला. सुमारे पंधरा हजार पौंडांचे तीन लाखांवर झाले.

कायदा कुठेच मोडलेला नव्हता, त्यामुळे बुकींना पैसे द्यावेच लागले. चरफडत त्यांनी ते एकेका पौंडाच्या नोटांत मोजले. सगळी रक्कम १०८ पिशव्यांत भरली. पाठोपाठ नियम आला: शंभर पौंडांवरचा सौदा शर्यतीच्या अर्धा तास आधीच नोंदवायचा. बेल्यूस्टाउनने मात्र या प्रकाराची लाज बाळगली नाही. २००५ मध्ये, तीस वर्षं झाली तेव्हा, त्यांनी यलो सॅमच्याच नावाने एक शर्यत ठेवली.