द्राक्षातले आम्ल आणि सिलिंडरमधला वायू

श्रोतेहो, निफाड तालुक्यातल्या ओझरच्या एखाद्या बागेत जाऊन द्राक्षाचा कोवळा मणी चाखून पाहा. दात आंबून जातात. हा आंबटपणा मुख्यतः दोन आम्लांचा, टार्टारिक आणि मॅलिक. मण्यात पाणी उतरले की त्यातले मॅलिक आम्ल फळाच्या श्वसनात खर्ची पडू लागते आणि गोडी भरते. आता गंमत अशी, की हेच मॅलिक आम्ल कारखान्यातही तयार होते, आणि त्याचा कच्चा माल बहुधा ब्युटेन असतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलाच एक वायू! हे कसे साधले, त्याचा इतिहास आज पाहू.

ब्युटेन म्हणजे कर्ब आणि हायड्रोजन. शेगडीत तो पार जळतो; उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. आम्ल होते ते ह्या जळण्याच्या अर्ध्या वाटेवर. पण ज्वाळा काही अर्ध्या वाटेवर थांबत नाही. बागाईतदाराला काढणीचा नेमका दिवस साधावा लागतो, तसा रसायनशास्त्रज्ञाला नेमका क्षण साधायचा होता.

तो साधून दिला धातूंच्या ऑक्साइडांनी. ऑक्साइड हे काही परके नव्हे. वैद्यांचे लोहभस्म हे मुख्यतः लोखंडाचे ऑक्साइडच. १९२० च्या सुमारास अमेरिकेत वाइस आणि डाउन्स यांनी बेंझीनची वाफ आणि हवा तापलेल्या व्हॅनेडियम ऑक्साइडवरून नेली. त्यातून मॅलेइक ॲनहायड्राइड मिळाले. त्याचा पाण्याशी संयोग घडवला की मॅलिक आम्ल होते. पण बेंझीनच्या सहा कर्बांपैकी दोन फुकट जात; शिवाय बेंझीन विषारी, कर्करोगाला कारण होणारे.

मग हे ऑक्साइड करते तरी काय? १९५४ मध्ये मार्स आणि व्हान क्रेव्हेलेन या शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा मांडला. व्यवहार सगळा उसनवारीचा, बरं का! ऑक्साइड आपल्या अंगचा प्राणवायू वायूला देते आणि ती तूट हवेतून भरून काढते. देणे बेताचे, म्हणून जळणे आवरते.

१९६६ मध्ये व्हॅनेडियम आणि फॉस्फरसच्या संयुक्त ऑक्साइडावर ब्युटेन वापरण्याचे पेटंट अमेरिकेत निघाले, आणि १९७४ मध्ये तिथे कारखानाही चालू झाला. ब्युटेनचे कर्ब चार आणि मालातलेही चारच. तरीही आज निम्म्याहून थोडाच अधिक ब्युटेन माल बनतो. बराचसा उरलेला जळून जातो. ईथेनपासून ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातले आम्ल, करण्यासाठी मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम आणि नायोबियम यांचे ऑक्साइड १९७८ मध्ये पुढे आले.

त्याच १९७४ सालच्या फेब्रुवारीत मुंबई हायला तेल लागले. तिथला वायू उरणला आला आणि त्यातले प्रोपेन-ब्युटेन सिलिंडरांतून घरोघर गेले. चुलीच्या धुरातून कितीतरी भगिनींचे डोळे सुटले. ते थोडे नव्हे. ॲसेटिक आम्ल मात्र महाराष्ट्रात उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलातून होत आले.

गुरुजनहो, हा फरक मुलांना जरूर सांगा. ऊस पुढच्या हंगामाला पुन्हा उभा राहतो; जमिनीतला वायू एकदा जळला की संपला. म्हणूनच तो अर्ध्या वाटेवर थांबवण्याच्या विद्येचे मोल मोठे आहे.