नसरापूरचे मिशन, अहमदनगरची मंडळी आणि बाबासाहेबांचा नकार

“ख्रिस्ती झाले ते पावासाठी झाले.” हे वाक्य हिंदुत्ववाद्यांच्या तोंडी असते यात नवल नाही. पण आपलीच तरुण पोरे ते सहज बोलून जातात, तेव्हा थांबून विचारावे लागते: ज्यांना तुम्ही पावासाठी गेलेले म्हणता, त्यांचे आजे-पणजे कोणत्या वाड्यात राहत होते? तुमच्याच ना? आणि त्यांच्या ताटात भाकरी का नव्हती, याचे उत्तर मिशनऱ्याने द्यायचे की गावच्या पाटील-कुलकर्ण्याने?

मी ख्रिस्ती धर्माची वकिली करायला बसलेलो नाही. बाबासाहेबांनी तो धर्म पाहिला, तपासला आणि नाकारला. पण नकार समजून घ्यायचा तर त्यांनी नेमके काय तपासले ते कळले पाहिजे. त्यासाठी आपल्या भोर-वेल्ह्यापासूनच सुरुवात करू.

पुणे-सातारा रस्त्यावरून वेल्ह्याला जाताना नसरापूर लागते. पुढे मार्गासनी, विंझर करत रस्ता तोरण्याच्या पायथ्याशी जातो. इतिहास म्हटले की या रस्त्यावर लोकांना फक्त राजगड आणि तोरणा आठवतात. याच नसरापुरात ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’चे ठाणे होते. चार्ल्स रीव्ह यांनी 1893 मध्ये हे मिशन उभे केले. माणसे आणि पैसा मुख्यतः ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमधून आला. शहरे सोडून खेड्यात जायचे, हा त्यांचा बाणा नावातच आहे. तेव्हा हा मुलूख भोर संस्थानचा, पंत सचिवांचा. म्हणजे राज्यकर्ता ब्राह्मण, गावगाडा मराठा पाटलाचा, आणि वेशीबाहेर महार-मांग. अशा ठिकाणी परका गोरा माणूस येऊन महारवाड्यात बसतो, ही तेव्हाची लहान घटना नव्हती.

तरीही इथे मोठे सामुदायिक धर्मांतर झाले नाही. अहमदनगर जिल्ह्यात मात्र गावोगावचे महार आणि मांग मंडळीत सामील झाले. असे का? ‘ख्रिस्ती’ हा एकच शब्द वापरून आपण जो गोंधळ करतो, तो इथे सोडवावा लागतो.

अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन 1831 पासूनचे. ते काँग्रिगेशनल पंथाचे. या पंथात बिशप नाही, पोप नाही; मंडळीचे सभासद स्वतः बसून आपला कारभार ठरवतात आणि पाळक निवडतात. गावच्या चावडीवर ज्याला उभे राहायची परवानगी नव्हती, तो माणूस मंडळीच्या सभेत हात वर करून मत देऊ लागला. त्यात शाळा आल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुक्ता साळवे या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध 1855 मध्ये छापला तो याच मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने. तेव्हा आपल्या चळवळीच्या पायात काही दगड मिशनचे आहेत, हे मान्य करायला लाजायचे कारण नाही.

नसरापूरचे मिशन निराळ्या जातीचे. (शब्द मुद्दाम वापरला.) ते कोणत्याही एका चर्चचे नव्हते. वेगवेगळ्या प्रोटेस्टंट पंथांची माणसे त्यात एकत्र आली होती. अशा मिशनांचा सारा भर एका गोष्टीवर असे: प्रत्येक माणसाने आपले पाप ओळखावे, ख्रिस्तावर विश्वास ठेवावा आणि तरावे. एकेकट्याने. पण महार हा एकेकटा नव्हताच. त्याचे वतन भावकीचे, बलुते भावकीचे, वेठही भावकीची. एकट्याने बाप्तिस्मा घ्यायचा म्हणजे भावकी तोडायची, आणि मागे वतनाचा दोर होताच. माझ्या मते भोर-वेल्ह्यात संख्या वाढली नाही याचे मोठे कारण हे आहे. वैयक्तिक मोक्ष सांगणाऱ्याला सामुदायिक गुलामीचे कुलूप उघडता येत नाही.

आता कॅथलिकांकडे पाहा. त्यांचा कारभार पोपपासून बिशप, बिशपपासून धर्मगुरू असा वरून खाली. संस्कार सात, प्रोटेस्टंट मानतात ते मुख्यतः दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. मिस्सा तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962-65) लॅटिनमध्येच होत असे. कोकणी-मराठी माणूस शतकानुशतके न कळणाऱ्या भाषेत उपासना ऐकत राहिला. संस्कृत मंत्रांची आठवण होते की नाही? गोव्यात धर्म बदलला तरी बामण, चारड, सुदीर ही उतरंड चर्चच्या आत तशीच राहिली. मदुराईत 1606 मध्ये आलेला जेझुइट दी नोबिली तर स्वतःच ब्राह्मणासारखा राहू लागला, अस्पृश्यांपासून अंतर राखू लागला. हेतू उच्चवर्णीयांना जिंकण्याचा. किंमत कोणी मोजली ते सांगायला नको.

दक्षिणेतल्या लुथरन मंडळींतही जातवार बसण्याची जागा वेगळी असे. याविरुद्ध अँग्लिकन बिशप विल्सनने 1833 मध्ये स्पष्ट हुकूम काढला की जात पूर्णपणे आणि ताबडतोब सोडली पाहिजे. त्यावर कित्येक सवर्ण ख्रिस्ती चर्च सोडून गेले. म्हणजे येशू सोडता आला, जात सोडता आली नाही.

म्हणून मी पंथ तपासताना त्यांची शास्त्रे नंतर पाहतो. आधी प्रभुभोजनाचा प्याला पाहतो. तो एकच आहे का? महाराचा ओठ लागलेला प्याला पुढे ब्राह्मण ख्रिस्ती घेतो का? महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळींची या कसोटीवर बरीच बाजू राखली जाते. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण, 1843 मध्ये स्कॉटिश मिशनमध्ये ख्रिस्ती झाले, आणि पुढे जालन्याजवळ मांग ख्रिस्त्यांचे ‘बेथेल’ गाव त्यांनी वसवले. पण सहजासहजी काही घडले नाही. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या काळात नवऱ्याच्या ख्रिस्ती घरात राहूनही त्या सोवळे सांभाळत होत्या, आणि हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त न लपवता लिहिले आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन चर्चचा, पण त्या चर्चची हुकमत त्यांनी मानली नाही. एका ख्रिस्ताचे इतके पंथ कसे, हा प्रश्न त्यांनाही पडला होता.

बाबासाहेबांनी हे सगळे वाचले होते. 13 ऑक्टोबर 1935 च्या येवल्याच्या घोषणेनंतर मिशनवाले त्यांच्याकडे आशेने पाहत होते. 1 जानेवारी 1938 रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आकर्षण त्यांनी मोकळेपणाने सांगितले, आणि त्याच भाषणात दक्षिणेच्या चर्चमधली जात आणि ख्रिस्ती समाजाची राजकीय उदासीनता हेही तोंडावर सांगितले. धर्मांतरितांच्या स्थितीवरच्या लेखात त्यांचा घाव आणखी खोल आहे. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले की तुझे हाल पूर्वजन्मीच्या कर्माने. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले की आदिपुरुषाच्या पापाने. दोन्हीकडे जुलूम करणारा सुटला! शिवाय मिशनचा पैसा कॉलेजांतून सवर्णांच्या मुलांवर अधिक गेला, हीही त्यांची तक्रार होती.

या टीकेत ‘पावासाठी’ कुठेच नाही, हे लक्षात घ्या. बाबासाहेबांनी धर्मांतरित माणसाला हिणवले नाही. त्याला लढायला न शिकवणाऱ्या चर्चला जाब विचारला.

आणि आज? 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता बांधला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच आहेत. बौद्धांसाठी वर्षानुवर्षे झगडलो तेव्हा आपला युक्तिवाद काय होता? धर्म बदलला तरी गाव आपल्याकडे बघायची नजर बदलत नाही. तोच युक्तिवाद ख्रिस्ती भावासाठी करताना काहींची जीभ अडखळते, कारण वाटेकरी वाढतील ही भीती. एकाच महारवाड्यातून निघालेल्या दोन भावांपैकी बौद्ध झालेल्याच्या नातवाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो आणि ख्रिस्ती झालेल्याच्या नातवाला ओबीसीचा. दोघांनाही त्याच पाराखाली त्याच शिव्या पडल्या, तर 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा एकाचाच नोंदवला जातो.