पुण्याचे हलके पाणी आणि जड पाणी

मंडळी, आपल्या जुन्या विज्ञानाच्या पुस्तकात एक शब्द होता, "दुष्फेन पाणी". साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन आणि येतो ते सुफेन. परीक्षेपुरता पाठ करायचा आणि विसरून जायचा, असा शब्द. घरात कोणी तो वापरत नसे. घरात म्हणत, "पाणी जड आहे हो, डाळ शिजत नाही." अर्थ तोच. मी नोकरीभर मराठी आणि इतिहास शिकवला, रसायनशास्त्र नाही. पण पाण्याचा जडपणा हा मला इतिहासाचाच विषय वाटतो. निदान पुण्यात तरी, घरात कसले पाणी येते यावरून ते घर शहरात कधी सामील झाले याचा अंदाज बांधता येतो.

आधी जडपणा म्हणजे काय ते पाहू. पावसाचे पाणी जवळजवळ कोरेच असते. मातीतून जाताना ते तिथला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आंबट होते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जाते. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या भेगांत आणि पोकळ्यांत कॅल्साइट, झिओलाइट अशी खनिजे भरलेली असतात. पाणी जितके जास्त दिवस या खडकात राहील, तितके ते जड होते. डोंगरावर पडून ओढ्या-नदीवाटे धरणात आलेल्या पाण्याला एवढी सवड मिळत नाही, म्हणून ते हलके. खोल बोअरचे पाणी मात्र वर्षानुवर्षे खडकाच्या पोटात बसलेले असते.

आता पुण्याकडे येऊ. वाड्यावाड्यांतून विहिरी होत्याच, पण पेशव्यांची राजधानी वाढू लागली तशा त्या अपुऱ्या पडू लागल्या. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी तलाव बांधून तिथले पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले. ते "नळाने" आणले असे आपण म्हणतो, पण तो लोखंडी नळ नव्हे. जमिनीखालून चुन्यात बांधलेला, माणूस आत शिरू शकेल एवढा तो बोगदा होता. वाटेत हवा जायला आणि गाळ बसायला उच्छ्वास बांधले. पेठांतून हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकर आजही पत्ता सांगताना घेतात. हे सगळे पाणी निव्वळ उताराने यायचे. आणि ते डोंगरावरच्या पावसाचे होते, म्हणून हलके.

दुसरे पाणी इंग्रजांच्या काळातले. कर्नल फाइफ या इंजिनियरच्या आराखड्यावर मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण झाले, ते १८७९ च्या सुमारास पुरे झाले. तलावाला फाइफसाहेबाचेच नाव दिले होते. कालव्याने पाणी शहराला, छावणीला आणि पुढे शेतीला मिळू लागले. हेही सह्याद्रीच्या पावसाचेच, म्हणजे हलकेच. गंमत पाहा, पेशवे काय किंवा इंग्रज काय, पाण्यासाठी दोघेही दूर गेले आणि डोंगराकडे गेले.

या हलक्या पाण्याची किंमत पुण्याला कळली १९६१ साली. १२ जुलैला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले. मी तेव्हा अकरा वर्षांची. आमचा वाडा पुराच्या रेषेच्या वर होता म्हणून आम्ही वाचलो. पण नळ कोरडे पडले. वाड्यातली विहीर, जी एरवी फक्त सडा आणि भांडी यांसाठी असे, ती एकदम सगळ्यांची आई झाली. तिच्या पाण्यात आईने धुणे घातले तर साबणाची वडी झिजत जाई, फेस येईना, वर दह्याच्या चोथ्यासारखे पांढरे काही तरंगे. तुरीची डाळ दोन-दोन तास शिजवूनही दाणा तसाच. त्या दिवसांत दोनशे वर्षांपूर्वीच्या कात्रजच्या पाण्याने आणि हौदांनी शहराला हात दिला. शेजारच्या आजी हौदावरची एक कळशी खास डाळीसाठी राखून ठेवत, इतर कशाला हात लावू देत नसत.

यानंतर आले तिसरे पाणी, जमिनीच्या पोटातले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर खडक फोडणारी यंत्रे फिरू लागली. गावोगावी हातपंप आले आणि त्यांनी लाखो लोकांचे हाल वाचवले, हे विसरून चालणार नाही. पण आजवर माणूस पाण्यासाठी दूर जात होता, तो आता खोल जाऊ लागला. आणि खोल गेले की जड पाणी येणारच.

मग त्या वेळी कोणी तक्रार का केली नाही? मला वाटते, त्याच सुमारास हा जडपणा झाकणाऱ्या वस्तू घरात आल्या. सर्फ आपल्याकडे १९५९ साली आला, निरमा १९६९ साली. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, तसा या पावडरींचा होत नाही. डाळीसाठी कुकर आला, आणि चिमूटभर खायचा सोडा होताच. त्यामुळे पाणी जड आहे हे सांगणाऱ्या दोन्ही खुणा, धुणे आणि डाळ, गप्प झाल्या. पुढे गीझर आणि वॉशिंग मशिन घरोघरी आले तेव्हा तोच जडपणा पांढऱ्या खपल्यांच्या रूपाने परत दिसू लागला.

आज पुणे चहूबाजूंनी वाढले आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत घेतली. तिथल्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर दिवस काढतात. माझी भाची अशाच एका ठिकाणी राहते. टँकरचे पैसे, मऊ पाण्याच्या यंत्राचे पैसे, वर प्यायच्या पाण्याच्या आरओचे पैसे, आणि त्या आरओतून वाया जाणारे पाणी वेगळेच. इकडे जुन्या पेठांत त्याच डोंगराच्या हलक्या पाण्याने लोक गाड्या धुतात. तिचा दोष एवढाच, की ती या शहरात उशिरा आली. ही गोष्ट मला टोचते.

एक खुलासा. जड पाणी म्हणजे विष नव्हे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला, आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. उलट, हलके पाणी म्हणजे शुद्ध पाणी असेही नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता, जड पाण्यावर नव्हे. जंतू फेसावरून ओळखता येत नाहीत. त्यासाठी उकळणे आणि तपासणे हेच खरे.

घरच्या घरी पाहायचे असेल तर बाटलीत पाणी घेऊन साध्या साबणाचा चुरा टाका (पावडर नको) आणि हलवा. फेस आला तर हलके, चोथा झाला तर जड. उकळल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसला तर तेवढा जडपणा गेला असे समजा. खपल्या काढायला लिंबाचे फूल किंवा व्हिनेगर पुरते. आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी नीट साठवले तर डाळीसाठी त्याहून हलके पाणी शोधून सापडणार नाही.

असो. तुमच्याकडे डाळ किती शिट्ट्यांत शिजते आणि पाणी कुठून येते, दोन्ही जरूर कळवा. विशेषतः गावाकडच्या मंडळींनी, आणि आजीला विचारून.