शिरःशूल, हृच्छूल आणि एका लक्षणाचे नामकरण

नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या परिसरात, एकंदर मराठीप्रमाणेच, डोके ‘दुखते’, ‘ठणकते’ किंवा ‘उठते’. छातीत मात्र ‘कळ येते’. उमरी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते व तेथे युनानी वैद्यकास राजाश्रय होता. त्या वैद्यकातील ‘शकीका’ आणि मराठीतील ‘अर्धशिशी’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी अर्ध्या भागाचीच कल्पना आहे. ‘मायग्रेन’च्या ग्रीक मूळ रूपाचा अर्थही ‘अर्धी कवटी’ असाच होतो. या सर्व नावांत दुखण्याची जागा सांगितली आहे, कारण नाही.

शिर व हृदय यांचा एकत्र विचार मात्र फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सतरावा अध्याय, ‘कियन्तःशिरसीय’, अग्निवेशाच्या प्रश्नाने सुरू होतो आणि त्यात पाच शिरोरोग व पाच हृद्रोग एकापाठोपाठ येतात. दोहोंचे विभाजनही एकच आहे : वातज, पित्तज, कफज, सन्निपातज आणि कृमिज. पुढे सुश्रुताच्या उत्तरतंत्रात हे विषय निरनिराळ्या अध्यायांत गेले. माधवनिदानातही ते वेगळेच आहेत. तथापि चरकाच्या या सान्निध्यावरून, हृदयविकाराचे लक्षण म्हणून डोकेदुखी त्यास ठाऊक होती, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. दोन मर्मांचे रोग शेजारी मांडणे निराळे, आणि एकाचे दुखणे दुसऱ्यात जाणवते हे ओळखणे निराळे.

हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनमध्ये हृच्छूलाचे वर्णन वाचले व ते १७७२ मध्ये छापले गेले. चालताना, विशेषतः चढावर, छाती आवळते व थांबताच ती वेदना जाते, हे त्याचे निरीक्षण निर्णायक होते. श्रम आणि विश्रांती यांची हीच खूण पुढे काही रुग्णांच्या डोकेदुखीत आढळली. १९९७ मध्ये लिप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात तिला ‘कार्डियाक सेफॅल्जिया’ हे नाव दिले. २००४ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने तिला स्वतंत्र स्थान दिले. मराठीत तिला ‘हृद्जन्य शिरःशूल’ म्हणता येईल. हा प्रकार विरळा आहे. हृदयाच्या व मस्तकाच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंचे मार्ग मेंदूच्या देठाशी एकत्र येतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

नावाचा हा प्रश्न केवळ कोशकाराचा नव्हे. अर्धशिशीवरील ‘ट्रिप्टान’ वर्गाची औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात. हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या रुग्णास ती घातक ठरू शकतात. उलट हृच्छूलावर १८७९ पासून प्रचारात आलेले नायट्रोग्लिसरीन स्वतःच डोके दुखवते, पण हृद्जन्य शिरःशूल त्यानेच शमू शकतो! तेव्हा उमरीचा एखादा शेतकरी ‘डोकं उठतं’ एवढेच सांगतो, त्या वेळी क्रियापदात न आलेली गोष्ट विचारून घ्यावी लागते : ते पोते उचलताना उठते काय, आणि बांधावर टेकताच उतरते काय?