गाव हाच रोगी
(सार्वजनिक आरोग्यशास्त्राच्या पदवीचा इतिहास)

वैद्याकडे रोगी येतो तो बहुधा रोग जडल्यावर. नाडी पाहावी, औषध द्यावे, पथ्य सांगावे, हे वैद्याचे काम. आणि ते थोरच आहे. परंतु एखाद्या आळीत पटकीने पन्नास माणसे अंथरुणास खिळली म्हणजे त्या पन्नासांना औषध देऊनही एक प्रश्न उरतोच. एक्कावन्नावा रोगी कोठून येणार, आणि त्याला रोग होण्याआधीच कसे वाचवावे? या प्रश्नाचा अभ्यास करणारी विद्या म्हणजे सार्वजनिक आरोग्यशास्त्र. तिला स्वतंत्र पदवी लाभून फार काळ लोटलेला नाही. ही पदवी वर्गात बसून मिळवावी की वस्तीत हिंडून, हाच तिच्या इतिहासातील खरा वाद होय.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ उसळली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेने रोग होतो, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरी चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी बहुतेक जण ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचे पाणी पीत असल्याचे आढळले. अधिकाऱ्यांनी पंपाचा दांडा काढून टाकला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे खरे. पण दिशा सापडली होती. त्याच भागातील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे मत पटले नव्हते. ते खोडून काढावे म्हणून ते दारोदार फिरले, आणि शेवटी त्यांनीच त्या मताला बळकटी आणली. पंपाजवळच्या घरातील एक तान्हे मूल साथीच्या आधी जुलाबांनी आजारी पडले होते. त्याच्या दुपट्यांचे घाण पाणी विहिरीलगतच्या मैलाखड्ड्यात टाकले जात होते. ही गोष्ट व्हाइटहेड यांनी उजेडात आणली. स्नो यांच्यापाशी शास्त्र होते, व्हाइटहेड यांच्यापाशी घरोघरची ओळख होती. दोन्ही एकत्र आली तेव्हाच सत्य पुरते हाती लागले.

पुढे ब्रिटनमध्ये या विद्येची परीक्षा सुरू झाली. केंब्रिज विद्यापीठाने १८७५ साली तशी परीक्षा घेतली. १८८८ च्या कायद्याने तर पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या विभागातील आरोग्याधिकाऱ्याला ही पदविका आवश्यक ठरविली. विद्येला मान मिळाला. तथापि व्हाइटहेड यांची दारोदार फिरण्याची रीत मात्र परीक्षेच्या विषयांत मावली नाही.

ती उणीव केवढी महाग पडते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी तपासून प्लेगचे अचूक निदान केले. रोग ओळखला गेला. रोग्याला वेगळे ठेवण्याची कल्पनाही अशास्त्रीय नव्हती. परंतु १८९७ साली पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत शिरले. माजघराची आणि देवघराची मर्यादा उरली नाही. परिणामी लोक रोगी लपवू लागले. २२ जून रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. लोकांचा विश्वास गमावला की बिनचूक उपायही उलटतो, हा धडा पुण्याने दिला.

या विद्येच्या पदवीला आजचे रूप आले ते अमेरिकेत. तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत अंकुशकृमीच्या रोगाविरुद्ध १९०९ पासून मोहीम चालली होती. तिचे प्रमुख विकलिफ रोझ हे डॉक्टर नव्हते, तत्त्वज्ञानाचे व शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. गावोगावी त्यांना अर्धवेळ काम करणारे, या कामाचे शिक्षण नसलेले आरोग्याधिकारी भेटले. असे अधिकारी तयार करणारी विद्यालये हवीत, असा त्यांचा आग्रह होता. उलट, जर्मनीत शिकलेले विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांना संशोधन करणारी उच्च संस्था हवी होती. १९१५ च्या अहवालात दोघांचीही नावे आहेत, पण वरचष्मा वेल्च यांचा. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हे विद्यालय १९१६ साली स्थापन झाले, आणि १९१८ च्या ऑक्टोबरात, इन्फ्लुएंझाच्या जागतिक साथीच्या ऐन धुमाळीत, त्याचे वर्ग उघडले. त्या साथीने एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

वर्ग भरले, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पण रोझ यांचा प्रश्न मिटला नाही. त्याला उत्तर दिले ते बाल्टिमोरच्याच एका विद्यार्थ्याने. जॉन ग्रँट हे चीनमध्ये जन्मलेले, कॅनेडियन मिशनरी डॉक्टरांचे पुत्र. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक असताना त्यांनी १९२५ साली शहरातील एका वस्तीतच आरोग्यकेंद्र काढले. विद्यार्थ्यांनी तेथील जन्ममृत्यूंची नोंद ठेवावी, शाळा पाहाव्या, घरे पाहावी, अशी रीत त्यांनी घातली. १९३२ साली बाल्टिमोरनेही रुग्णालयाभोवतालचा शहराचा पूर्वभाग अशाच कामासाठी हाती घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था उघडली. १९३९ साली ग्रँट तिचे संचालक झाले, आणि त्याच वर्षी हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे संस्थेचे ग्रामीण केंद्र सुरू झाले. शहरात शिकणारा पदवीधर तेथे चिखल तुडवीत झोपडीपर्यंत जाऊ लागला.

ग्रँट हे भोर समितीचे सभासद होते. त्या समितीच्या १९४६ च्या अहवालाने सांगितले की, प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला रोगप्रतिबंधाचे व समाजाचे शिक्षण मिळाले पाहिजे. पुढे भारतात या विद्येच्या स्वतंत्र पदव्युत्तर पदव्याही आल्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९७ साली असा अभ्यासक्रम सुरू झाला. आज अनेक ठिकाणी डॉक्टर नसलेल्यांनाही या पदवीचे दार खुले आहे. रोझ आणि व्हाइटहेड डॉक्टर नव्हते, हे आठवले म्हणजे यात नवल वाटत नाही.

आजच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र शिकावे लागते, साथींचे गणित मांडावे लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा घरोघर चौकशीला गेल्या त्या गावोगावच्या आशा सेविका. दार उघडले जाते ते ओळखीच्या माणसाला. पदवी घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याने त्या सेविकेकडून जे शिकावयाचे असते, ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. पण एक्कावन्नावा रोगी वाचतो की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.