हेड पोर्टिंग : घासावे किती, थांबावे कोठे?

मुंब्रा, महापे, पनवेल आणि कल्याण-डोंबिवलीकडून येणारे रस्ते शीळफाट्याच्या परिसरात एकत्र येतात. न्हावाशेवा बंदरातून निघालेले कंटेनर आणि नोकरदारांच्या दुचाकी एकाच कोंडीत रखडतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या दुचाकीला तेथे हवी असते ती कमी फेऱ्यांवरची ओढ. इंजिनाचे हेड घरीच घासून गाडी 'पळवण्याचा' बेत करणाऱ्या नवशिक्याकडून बहुधा हीच ओढ प्रथम गमावली जाते.

सिलिंडर हेडमध्ये मिश्रण आत येण्याचा एक मार्ग असतो आणि जळालेला वायू बाहेर पडण्याचा दुसरा. हे मार्ग, म्हणजे पोर्ट, सुधारणे म्हणजे पोर्टिंग. मार्ग जितका रुंद तितकी ताकद अधिक, हा त्यातला सर्वांत मोठा गैरसमज. रुंद मार्गात मिश्रणाचा वेग घटतो आणि कमी फेऱ्यांवर सिलिंडर नीट भरत नाही. शर्यतीच्या मैदानावर इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर धावत असल्याने तेथे हे खपते, स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनाला रोजच्या कोंडीत ते मानवत नाही.

म्हणूनच पहिले काम रुंदीकरणाचे नव्हे, साफसफाईचे असावे. ओतकामात राहून गेलेले उंचवटे काढावेत, व्हॉल्व्ह सीटच्या खाली राहिलेली कड हलकेच मिटवावी, मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या तोंडाशी जुळते का ते गॅस्केट ठेवून पाहावे. पोर्ट जेथे व्हॉल्व्हकडे वळतो, तेथील आतल्या बाजूचे आखूड वळण सर्वांत नाजूक. ते सपाट झाले की प्रवाह भिंत सोडतो आणि मेहनत वाया जाते. मोटारीच्या हेडमध्ये धोका आणखी वेगळा : पोर्टच्या भिंतीपलीकडे थंड पाणी खेळत असते. भिंतीला भोक पडले की हेड बहुधा भंगारातच जाते.

डाय ग्राइंडरला ॲल्युमिनियमसाठीचे रुंद दातांचे कार्बाइड बर लावावे. बारीक दात लगेच भरून येतात. सीटवर ओरखडा उठू नये म्हणून जुना व्हॉल्व्ह बसवूनच काम करावे. गॉगल आणि मास्क हवेतच. कार्ब्युरेटरच्या गाडीत आतला पोर्ट आरशासारखा चमकवण्याचा मोह टाळावा. ८० नंबरच्या एमरीचा खरखरीतपणा राहिलेला बरा, कारण गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब साचून राहतात. चकाकी हवीच असेल तर ती बाहेरच्या पोर्टला द्यावी. तेथे निदान काजळी कमी धरते.

काढलेला धातू परत बसत नाही. त्यामुळे पहिला हात चालवायचा तो कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेल्या एखाद्या निकामी हेडवर. खऱ्या हेडचे काम उरकल्यावर व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवावेत आणि पोर्टमध्ये रॉकेल ओतून गळती तपासावी. हेड धुताना आळस नको. मागे राहिलेला एक कीसही सिलिंडरला चरे पाडतो.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंधनाचे प्रमाण संगणक ठरवतो आणि धुराचे निकषही कडक आहेत. तेथे नवशिक्याने हेडला हात न लावणेच योग्य. जुन्या गाडीचीही काम झाल्यावर कार्ब्युरेटरची जुळणी पुन्हा करावी आणि पीयूसी तपासणी नव्याने करून घ्यावी.